न उघडलेला लॅपटॉप

हरिचंदकाका दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले, तेव्हा देविदास एका मोबाइलची काच बसवत होता. मान वर न करताच त्याने बसा म्हटलं. काका बसले नाहीत, बोललेही नाहीत, म्हणून त्याने वर पाहिलं. काकांच्या पायात चपला नव्हत्या. एप्रिल अर्धा सरला होता, जवळा बाजारचा डांबरी रस्ता दहा वाजताच तापला होता, आणि हा साठीचा माणूस तांड्यापासून अनवाणी चालत आला होता.

"सृष्टी घरात न्हाई," काका म्हणाले. "फोन बंद येऊन राहिला."

देविदासच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

पहाटे काकांची बायको नीलाबाई उठली, तेव्हा पोरीचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. शेताकडे गेली असेल म्हणून आठपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग तिची मैत्रीण पूजा, आत्याचं घर, कॉलेज, सगळीकडे विचारून झालं. कुणालाच काही सांगून गेली नव्हती. आता माणसं विहिरींकडे गेली होती. मग काका अगदी हळू म्हणाले, की गळ घेऊन गेलेत.

विहिरीत पडलेली बादली काढायचा तो लोखंडी गळ. लहानपणी देविदासनेही तो कितीदा पाण्यात फिरवला होता.

"तुझी काकू म्हणती, काल सांजच्याला ती तुझ्याशी फोनवर बोलली. त्याच्यामागं जेवलीच न्हाई. काय बोलली रे ती?"

"लॅपटॉपचं इचारत होती."

"अन् तू काय म्हणला?"

देविदासने चिमटा खाली ठेवला. "बघतो म्हणलो."

काकांनी मान हलवली. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि तेच देविदासला जास्त लागलं. काही कळलं तर फोन कर, असं सांगून ते निघाले. त्याने स्वतःच्या चपला काढून त्यांच्यापुढे सरकवल्या, त्यांच्याकडे काकांचं लक्षही गेलं नाही.

तो 'बघतो' म्हणाला नव्हता.

काल सहाच्या सुमाराला दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. सृष्टीचा फोन त्याने कान आणि खांदा यांच्यात धरून घेतला. दादा, झालं का काही, असं तिने विचारलं. आणि त्याने, सगळं ठाऊक असलेल्या माणसाच्या आवाजात, सांगून टाकलं होतं: "अशी डिस्क एकदा दिसंनाशी झाली की आतलं गेलंच समज, ताई. नवी टाकून देतो." मग तिने विचारलं, "समदंच?" तो म्हणाला, "समदंच." ती "बरं दादा" म्हणाली आणि फोन ठेवला. देविदास पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

लॅपटॉप त्याने उघडलेलाच नव्हता. शनिवारी ती ज्या कापडी पिशवीत घालून ठेवून गेली, त्याच पिशवीत तो वरच्या फळीवर पडून होता.

हरिचंदकाका आणि देविदास एकाच तांड्यातले. देविदासचा बाप लवकर गेला, तेव्हा हिंगोलीला आयटीआयच्या रांगेत त्याच्याबरोबर काका उभे राहिले होते. सृष्टी त्याच्या डोळ्यांदेखत वाढली. तांड्यातली एमएस्सीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोरगी. शेवटच्या वर्षाला तिने हळदीवरच्या करपा रोगाचा अभ्यास घेतला होता. दहा शेतं धरली होती, आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला त्याच झाडांच्या त्याच पानांचे फोटो काढले होते. पानावर डाग किती, केवढे, कधी वाढले, सगळं लिहून ठेवलेलं. ते सगळं या लॅपटॉपात होतं. महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा होता. भाऊ विकास दोन वर्षांपासून म्हणत होता, शिकणं पुरे झालं, स्थळं बघू. काकांनी एवढा प्रबंध होऊ दे म्हणून त्याला थोपवून धरलं होतं. आता शेतात हळदीचं एक पान राहिलं नव्हतं. पुन्हा फोटो काढायचे म्हटले तरी कशाचे काढणार?

हे सगळं देविदासला कालही ठाऊक होतं. फोनवर बोलताना आठवलं मात्र नव्हतं.

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि पिशवी खाली काढली.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, की डिस्कच सापडत नाही. बंद करून थोडं थांबून पुन्हा दाबलं, तर चालू झाला, पडद्यावर तिचे सगळे फोल्डर दिसायला लागले. त्यातल्या एकाचं नाव होतं 'हळद'. देविदासने त्यावर बोट नेलं, तेवढ्यात बाण जागच्या जागी थिजला आणि सगळी स्क्रीन निळी झाली. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. पुन्हा चालू केला, पुन्हा तेवढ्याच वेळात गेला. तिसऱ्यांदा तर तीनच मिनिटं टिकला.

म्हणजे आतलं गेलेलं नव्हतं. काल सहा वाजताही ते आतच होतं. हे कळल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

त्याने लॅपटॉप उलटा केला आणि मागचं झाकण काढलं. जुनी डिस्क काढून ही एसएसडी त्यानेच दिवाळीत बसवली होती. बोटाएवढी पातळ पट्टी, एक टोक खाचेत जातं आणि दुसरं टोक एका बारीक स्क्रूने दाबून धरायचं असतं. तो स्क्रू त्या दिवशी सापडला नव्हता, म्हणून त्याने टेप लावली होती. पट्टीखाली उष्णता ओढून घेणारा रबराचा तुकडा घालायचा, तोही दुकानात नव्हता म्हणून राहिला. पुढं बघू, असं त्याने त्या वेळी स्वतःशीच म्हटलं होतं. मधल्या काळात सृष्टी दोनदा येऊन गेली होती. चालता चालता डिस्क गायब होते, असं ती सांगायची, आणि तो कधी बंद करून चालू कर, कधी अपडेट मार, असं सांगून तिला वाटेला लावायचा.

टेप वाळून सुटली होती. पट्टी एका अंगाने वर उचलली गेली होती.

त्याने ती ओढून काढली. टोकाची सोनेरी दातेरी कड खोडरबराने घासली, खाच फुंकून साफ केली, भंगारातल्या एका बोर्डाचा स्क्रू शोधून काढला. तो घट्ट बसवला. झाकण उघडंच ठेवून लॅपटॉप चालू केला आणि घड्याळाकडे बघत बसला. चार मिनिटं गेली, पाच झाली, सहा झाली. सातव्या मिनिटाला निळी स्क्रीन आली.

आता मात्र तो घाबरला. नुसत्या सैलपणाचं दुखणं असतं तर इथंच मिटलं असतं. पट्टी स्वतःच मरायला टेकली असेल, तर प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे तिच्यातलं आयुष्य कमी करणं. एकदा दिसेनाशी झाली आणि परत दिसलीच नाही, तर त्याने काल जे न बघता सांगितलं तेच खरं होईल. त्याने पट्टीवर बोट टेकवलं आणि झटकन काढलं. चटका बसला होता.

तिला ताप सोसत नव्हता. गरम झाली की ती हात सोडून देत होती.

शेजारच्या रसवंतीतून त्याने बर्फ आणला, स्टीलच्या डब्यात भरला, डबा बाहेरून तीनतीनदा पुसला. पट्टी लॅपटॉपातून काढून, डिस्क बाहेरून केबलने जोडता येते त्या केसिंगमध्ये बसवली, वर प्लास्टिकचा कागद, कागदावर डबा. पाण्याचा एक थेंब पट्टीवर गेला तर सगळंच संपणार होतं. पंखा टेबलावर आणून तिच्याकडे वळवला. आखूड केबल घेतली, ती स्वतःच्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूने जोडली आणि वीज वाचवायला डिस्कला झोपवणारी सगळी सोय बंद केली. मग 'हळद' फोल्डर उघडून त्यातला एकाच प्लॉटचा, म्हणजे एका शेताचा, फोल्डर निवडला. सगळं एकदम घ्यायची हिंमत त्याला झाली नाही.

हिरवी रेघ हळूहळू पुढं सरकू लागली.

पहिल्या प्लॉटचे फोटो आले. दुसऱ्याचे निम्मे आले आणि पट्टी गेली. त्याने केबल काढली, ओठ घट्ट मिटून शंभर मोजले, पुन्हा जोडली. ती दिसली. असं करत तो तिसऱ्या प्लॉटपर्यंत आला, तेव्हा शटर खाडकन वर गेलं आणि विकास आत शिरला.

विकास काकांसारखा नव्हता. त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि देविदासकडे बघत राहिला. विहिरीच्या काठावरून आला असावा, पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

"तुझ्याशी बोलली अन् जेवली न्हाई. काहून?"

देविदास म्हणाला, लॅपटॉपचं बोलणं झालं, दुसरं काही नाही. विकासची नजर टेबलावर गेली. हा तिचाच का, असं त्याने विचारलं. मग तो काउंटरच्या आत आला. पोरीचं कुणाशी काही होतं का, ते यातच निघेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तिने फोनला कधी कुणाला हात लावू दिला नाही, आता हे उघड, असं तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. देविदासला त्याचीच भीती वाटली. पोरगी विहिरीत सापडली नाही आणि जिवंत सापडली, तर हा तिचं काय करील, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

"हिच्यात कुणाचे फोटो हायेत ते दाखव मला."

नाही म्हणायची देविदासची छाती झाली नाही. त्याने कॉपी झालेला फोल्डर उघडला. हळदीचं पान. त्याशेजारी कागदाचा तुकडा, त्यावर प्लॉट, झाड, पान, तारीख. पुढचं पान. त्याच्या पुढचं. विकासने स्वतःच माउस घेतला. शंभर पानं झाली, दोनशे झाली. पिवळे डाग, तपकिरी डाग, कडेने जळत आलेलं पान, आणि तेच पान आठ दिवसांनी, आणखी जळालेलं. एका फोटोत पान धरलेला हात होता. मनगटावर काळा दोरा, अंगठ्यावर जुना व्रण.

विकास थांबला. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. सुरुवातीला दोन आठवडे त्यानेच तिला मोटारसायकलवर जवळच्या शेतांवर नेलं होतं.

"हेच हाय का समदं?" त्याने विचारलं.

"हेच हाय. चौदाशेच्या वर हायेत. पाच महिन्याचं काम हाय तिचं."

विकास काही बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं. नुसतं "कुठल्या इहिरीत?" एवढंच म्हणाला. देविदासकडे न बघता तो बाहेर पळाला. रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि रसवंतीवाल्याने कुणाला तरी सांगितलेलं देविदासला आत ऐकू आलं, की हरिचंदच्या पोरीला शोधणाऱ्यांच्या गळाला काहीतरी जड लागलंय.

पुढचा अर्धा तास देविदासने कसा काढला, ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. तो विहिरीवर गेला नाही. काकांना फोनही लावला नाही. तो खुर्चीत बसून राहिला आणि हात कामाला लागले. डब्यातलं पाणी फेकलं, नवा बर्फ भरला, डबा पुसला, केबल जोडली. चौथा प्लॉट आला. पाचव्यात पट्टी गेली, शंभर मोजले, पुन्हा आली. सृष्टी विहिरीत असेल तर हे फोटो कुणासाठी काढतोय, असं एकदा मनात आलं, आणि तो विचार मनातून जावा म्हणून तो आकडे मोठ्याने मोजू लागला.

सातव्या प्लॉटबरोबर एक नोंदींची फाइलही आली. पुढची कॉपी चालू असताना त्याने ती उघडली. आकडेच आकडे होते, पण मधूनमधून तिने स्वतःपुरतं काही लिहिलं होतं. "प्लॉट सात, कुरुंदा. करपा वाढला. शिलामावशीनं चहा दिला." पुढच्या आठवड्यात, "शिलामावशी विचारत होती, शिकून झाल्यावर मला विसरशील का." नोव्हेंबरात एके ठिकाणी, "विकाससोबत भांडण झालं. आज फोटो काढायचे नसतानाही सातवर आले. मावशीच्या आखाड्यावर बसलं की घरी जाऊ नये वाटतं. कालव्याचं पाणी ऐकू येतं."

शेतातल्या त्या घराचे, आखाड्याचे, फोटोही होते. पत्र्याची खोली, बाभळ, आणि एक म्हातारी पान उन्हाकडे धरून हसतेय. आत्या, मैत्रीण, कॉलेज, सगळीकडे विचारून झालं होतं. तिथं कुणीच विचारलं नव्हतं, कारण ते ठिकाण घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. लांबच्या शेतांवर ती पहिल्यापासून एकटीच एसटीने जायची.

त्याने जेवढं आलं होतं तेवढं पेन ड्राइव्हमध्ये घेतलं, पट्टी काढून सुक्या कापडात गुंडाळली, खिशात घातली आणि गाडी काढली.

विहिरीभोवती पन्नासेक माणसं होती. लांबूनच त्याला काठावर काहीतरी काळंओलं पडलेलं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, की ते खताचं पोतं होतं, गाळाने भरलेलं. नीलाबाई त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसली होती. पोत्यावरची नजर तिने काढली नव्हती.

देविदास काकांपुढे जाऊन उभा राहिला. सगळ्यांसमोर बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, पण तो बोलून गेला.

"काका, मी खोटं बोललो तुमच्याशी. बघतो म्हणलो न्हवतो मी. तिचं समदं काम गेलं म्हणून सांगितलं मी तिला. अन् मी ते उघडूनसुदिक बघितलं न्हवतं."

कुणीतरी "काय?" म्हटलं. विकास दोन ढांगांत आला आणि देविदासची गळपट्टी त्याच्या मुठीत गेली. देविदासने हात वर केला नाही. पेन ड्राइव्ह आणि ती पट्टी असलेल्या खिशावर मात्र त्याने तळवा दाबून धरला.

"फोटो हायेत," तो म्हणाला. "समदे न्हाई, पण हायेत. अन् कुरुंद्याच्या शिवारात एक म्हातारी हाय, तिच्याकडं ती जाती. तिथं बघा. मला मंग मारा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान देविदासला तो ओळखता आला नाही.

"विकास, सोड त्याला," ते म्हणाले. "गाडी चालवू दे."

औंढ्यावरून कुरुंदा तासाभराचा रस्ता. काका मागे बसले होते. त्यांचा एक हात देविदासच्या खांद्यावर होता, आणि खड्डा आला की बोटं रुतायची. विकास दुसऱ्या गाडीवर मागून येत होता. वाटेतल्या प्रत्येक विहिरीकडे देविदासची नजर जात होती आणि तो ती ओढून रस्त्यावर आणत होता.

फोटोतली बाभळ ओळखू आली. शिलाबाई उन्हात हळकुंडं पसरत होती. तीन पुरुष घाईने येताना पाहून ती उठून उभी राहिली. होय, पोरगी आली होती, पहिल्याच गाडीने. आली ती मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, कशासाठी ते बोलली नाही. चहा घेतला. मग विचारलं, की हळदीचा वाळला पाला कुठं टाकलाय, डागाची पानं सापडतात का बघते. पाल्याच्या ढिगात बराच वेळ बसली होती. सगळं चुरा झालंय, असं म्हणाली आणि उठून गेली.

"कुठं गेली?" काकांनी विचारलं.

शिलाबाईने हात केला तो कालव्याकडे. तासभर झाला असेल, ती म्हणाली, आणि मग तिघांचे चेहरे पाहून तिने पदर तोंडाला लावला.

कालव्याला उन्हाळी पाळीचं पाणी सुटलं होतं. कालवा काठोकाठ भरून, मातकट, आवाज न करता जोरात वाहत होता. विकास पुलापलीकडच्या बाजूला धावला. काका आणि देविदास अलीकडच्या बांधावरून निघाले. देविदास हाका मारत होता. दोनदा त्याला पाण्यात काहीतरी दिसलं. एकदा फांदी होती, एकदा फेस.

वळणावर पाणी सोडायच्या दाराचा सिमेंटचा कट्टा होता. त्याच्या कडेला सृष्टी बसली होती. पाय पाण्याच्या बाजूला. हाक ऐकून तिने मान वळवली, पण उठली नाही. देविदास जागीच थांबला. आपण आणखी एक पाऊल टाकलं तर काय होईल, हे त्याला कळेना. काका मात्र थांबले नाहीत. ते चालत गेले, तिच्या शेजारी बसले आणि तिचा दंड हातात धरला, बाजारात लहान लेकराचा धरतात तसा.

बऱ्याच वेळाने देविदास जवळ गेला. पेन ड्राइव्ह पुढं करून म्हणाला, की सात प्लॉटचे फोटो आलेत, उरलेले पट्टीत आहेत, पट्टी अजून जिती आहे.

सृष्टी त्या पेन ड्राइव्हकडे बघत राहिली. "काल तर तुमी गेलं म्हणला होता."

"मी उघडलाच न्हवता लॅपटॉप."

"मंग काहून म्हणलात?"

गिऱ्हाइकं होती, हे सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण पाण्याशेजारी उभं राहून ते सांगवेना. विकास पलीकडच्या काठावर पोचला होता. तिला पाहून तो तिथंच मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिला. मधून कालवा वाहत होता.

त्यानंतरचे तीन दिवस देविदासने दुसरं काम घेतलं नाही. बर्फ बदलत, शंभर मोजत त्याने उरलेलं ओढून काढलं. एकतीस फोटो कायमचे गेले. दहाव्या प्लॉटच्या शेवटच्या भागाशी पट्टी दिसेनाशी झाली ती पुन्हा दिसलीच नाही. सृष्टीने प्रबंधात तेवढी जागा मोकळी सोडली, तिथं नोंद उपलब्ध नाही असं लिहिलं, आणि महिनाअखेरीला दिला. उन्हाळाभर विकासने स्थळांचा विषय काढला नाही. देविदासशी बोलणंही त्याने बंद केलं. लॅपटॉपला नवी डिस्क सृष्टीने नांदेडहून टाकून आणली. देविदासला तिने विचारलं नाही, आणि त्यालाही ते बरोबरच वाटलं.

जूनमध्ये तांड्यात एकाच्या घरी जेवण होतं, तिथं ती त्याला अंगणात भेटली. तोंडी परीक्षा झाली म्हणाली, बाहेरून आलेल्या सरांना फोटो आवडले. त्याने चांगलं झालं म्हटलं. ती निघाली आणि पुन्हा थांबली.

"दादा, त्या दिवशी तुमी आला नसता तर मी तिथून उठले असते का नसते, मला अजून ठाऊक न्हाई. समदे म्हणतात, उठलीच असती. मी पण व्हय म्हणते."

आतून नीलाबाईने तिला पत्रावळी मांडायला हाक मारली. आले याडी, असं आईला सांगून ती गेली. देविदास अंगणातच उभा राहिला. पंगत बसली, त्याला दोघातिघांनी बोलावलं, तरी तो आत गेला नाही.